अकरा आनंद, एकच अर्थ

माझी भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या इंग्रजीच्या वहीत एका पानावर डाव्या बाजूला अकरा वाक्प्रचार एकाखाली एक लिहिलेले आहेत : ओव्हर द मून, ऑन क्लाउड नाइन, इन सेव्हन्थ हेवन, ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड, वॉकिंग ऑन एअर, टिकल्ड पिंक, ॲज प्लीज्ड ॲज पंच, ॲज हॅपी ॲज अ क्लॅम, ॲज हॅपी ॲज लॅरी, जंप फॉर जॉय, ग्रिन फ्रॉम इअर टू इअर. उजव्या बाजूला पहिल्या वाक्प्रचारासमोर 'अत्यानंद होणे' असा अर्थ आहे आणि त्याच्या खाली दहा वेळा डिट्टोची खूण. अक्षर सुरेख, समास सरळ, पानावर एकही खाडाखोड नाही. हे पान तिने मनाने केलेले नाही. शिकवणीत फळ्यावर असेच लिहून देतात, बाजारातल्या मार्गदर्शकांत असेच छापलेले असते, आणि तिच्या आधीच्या कितीतरी मुलांनी ते असेच उतरवून घेतलेले आहे.

इंग्रजी वाक्प्रचार शिकवावेत की नाहीत, या प्रश्नावर शिक्षक आणि पालक हिरिरीने भांडताना मी गेली काही वर्षे ऐकतो आहे. एक बाजू म्हणते, ज्या मुलांना इंग्रजीत चार वाक्ये धड बोलता येत नाहीत त्यांच्या डोक्यावर चंद्र, ढग आणि शिंपल्या कशाला लादायच्या? काढून टाका तो प्रश्न. दुसरी बाजू म्हणते, वाक्प्रचारांशिवाय इंग्रजी म्हणजे मिठाशिवाय जेवण. दोनशे नव्हे, पाचशे पाठ करून घ्या. या भांडणात कोणाची सरशी होते याच्याशी मला कर्तव्य नाही, कारण दोन्ही बाजूंनी वहीतले ते पान बरोबर धरले आहे. दोघांनाही डिट्टोची खूण मान्य आहे. एकाला ती अकरा ओझी वाटतात, दुसऱ्याला अकरा दागिने, पण हे अकरा शब्दसमूह एकाच अर्थाचे आहेत यावर दोघांचे एकमत आहे. माझा आक्षेप तिथेच आहे. वाक्प्रचार राहू द्यावेत, डिट्टोची खूण जावी. ती खूण इंग्रजीचे जेवढे नुकसान करते त्याहून जास्त मराठीचे करते, हे मला दाखवायचे आहे.

पहिल्या बाजूचे म्हणणे उडवून लावण्यासारखे मुळीच नाही. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याला पंचवीस वर्षे झाली, तरी बारावी झालेला मुलगा बँकेत इंग्रजी अर्ज लिहिताना अडखळतो हे आपण रोज पाहतो. त्याला आधी साधे वाक्य आले पाहिजे, यात वाद नाही. शिवाय आजचे इंग्रजी इंग्लंड-अमेरिकेपुरते उरलेले नाही. पुण्यातल्या एखाद्या कंपनीतला अभियंता जपानी किंवा जर्मन सहकाऱ्याशी इंग्रजीत बोलतो तेव्हा 'व्हेरी हॅपी' हे दोन शब्द जेवढे स्वच्छ पोचतात तेवढे 'टिकल्ड पिंक' पोचत नाहीत. काही वाक्प्रचार तर इंग्लंडातच म्हातारे झाले. 'ॲज हॅपी ॲज अ सँडबॉय' घ्या. जुन्या काळी दारूच्या गुत्त्यांत जमिनीवर वाळू पसरत, ती वाळू विकणारी गरीब पोरे म्हणजे सँडबॉय. मजुरी म्हणून कधीकधी दारूच मिळायची, म्हणून ती सदा खुशीत दिसत. गुत्त्यांतली वाळू गेली, पोरे गेली, वाक्प्रचारही जवळजवळ गेला. असे शब्द आपल्या मुलांना पाठ करायला लावणे हा निव्वळ छळ आहे आणि ते काढून टाकणाऱ्याला मी हातभार लावीन.

पण या युक्तिवादातून निघते ते एवढेच, की कमी शिकवा आणि निवडून शिकवा. शिकवूच नका, हे त्यातून निघत नाही. आणि 'अर्थ एकच आहे, मग अकरा कशाला' हा त्यातला उपप्रश्न तर साफ चुकीच्या पायावर उभा आहे. ते पटवायला इंग्रजीत जायची गरज नाही. आपलेच वाक्प्रचार घ्या. आनंद गगनात न मावणे, आकाश ठेंगणे होणे, स्वर्ग दोन बोटे उरणे, अंगावर मूठभर मांस चढणे, मनातून उकळ्या फुटणे, जिवात जीव येणे, डोळ्यांचे पारणे फिटणे. एखाद्या परदेशी विद्यार्थ्याच्या वहीत या साताही जणांसमोर 'अत्यानंद होणे' आणि सहा डिट्टो दिसले तर आपण काय म्हणू? मूठभर मांस चढते ते कोणीतरी कौतुक केल्यावर. एकट्याने खोलीत बसून ते चढत नाही. मनातून उकळ्या फुटतात त्या बहुधा दुसऱ्याची जिरल्यावर, आणि चेहऱ्यावर मात्र काही दिसू द्यायचे नसते. जिवात जीव येतो त्याआधी तो गेलेला असावा लागतो : मुलगा रात्री उशिरापर्यंत घरी आलेला नसतो, रुग्णालयातून निरोप आलेला नसतो. आणि पारणे? एकादशीचा उपास द्वादशीला सुटतो ते पारणे. म्हणजे डोळे उपाशी होते, वाट पाहत होते, व्रत धरून बसले होते. पंढरपुरात तासन् तास रांगेत उभी राहिलेली म्हातारी विठोबासमोर पोचते तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढत नाही. एकाच्या जागी दुसरा घातला तर वाक्य नुसते चुकत नाही, माणसाची बदनामी होते. निवडणुकीत प्रतिस्पर्धी पडल्यावर 'माझ्या डोळ्यांचे पारणे फिटले' असे कोणी म्हणाले तर तो माणूस कसा आहे ते लगेच कळते.

इंग्रजीतले अकराही असेच वेगळे आहेत. 'ओव्हर द मून' आपल्याकडे सर्रास 'चंद्रावर असणे' असे समजावून देतात, आणि मुलांना वाटते की हे १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हापासूनचे. खरे म्हणजे त्यात चंद्रावर उतरणे नाही, चंद्रावरून उडी मारून पलीकडे जाणे आहे. १७१८ च्या एका इंग्रजी नाटकात पात्र आनंदाने चंद्रावरून उडी मारायची भाषा करते, आणि त्याच शतकात छापलेल्या एका बडबडगीतात गाय चंद्रावरून उडी मारते. इंग्रजी घरात वाढलेले मूल हे गाणे बोलायला लागण्याआधी ऐकते. पुढे १९७० च्या दशकात ब्रिटनमधले फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक सामना जिंकल्यावर कॅमेऱ्यासमोर हेच दोन-तीन शब्द इतक्या वेळा बोलले की लोक त्यांना हसायला लागले. म्हणजे हा आनंद उडीचा आहे : बातमी आली आणि माणूस उसळला. निकाल लागला, नोकरी मिळाली, बाळ झाले. सुखाच्या संसाराची वीस वर्षे सांगायला तो चालत नाही.

'क्लाउड नाइन'ची गोष्ट वेगळी. तिची एक कथा लोकप्रिय आहे. १८९६ मध्ये ढगांचा आंतरराष्ट्रीय नकाशासंग्रह निघाला, त्यात ढगांचे दहा प्रकार क्रमाने दिले होते आणि नववा क्रमांक क्युम्युलोनिंबसचा होता, म्हणजे आकाशात सर्वांत उंच चढणाऱ्या गडगडाटी ढगाचा. कथा छान आहे, पण ती जशीच्या तशी मुलांना सांगू नये. अमेरिकेत हा वाक्प्रचार रुळत होता तेव्हा लोक कधी सातवा ढग म्हणत, कधी आठवा, कधी नववा; जर्मन माणूस तर आजही सातव्याच ढगावर तरंगतो. १९३५ च्या एका अमेरिकी बोलीकोशात आठव्या ढगावरचा माणूस म्हणजे दारू जास्त झालेला माणूस! इथे एक सावध शिक्षक मला अडवतील : व्युत्पत्ती सांगायला गेलो तर अशा दंतकथाच वर्गात पसरतील, त्यापेक्षा अर्थ सांगून मोकळे झालेले बरे. ही अडचण खरी आहे आणि मी ती मानतो. पण वाक्प्रचार समजायला त्याचा जन्मदाखला लागत नाही, त्याच्यातले चित्र लागते. ढग कोणताही असो, त्यावरचा माणूस जमिनीवर नाही. तो तरंगतो आहे, त्याला धुंदी आहे, चार दिवसांनी तो खाली येणार आहे, आणि भोवतालच्यांना ते ठाऊक आहे. नव्या प्रेमात पडलेल्या मुलाला हे शब्द शोभतात. पन्नास वर्षे मागे लागून जमिनीचा खटला जिंकलेल्या शेतकऱ्याला शोभत नाहीत, कारण तो त्या दिवशी पहिल्यांदा जमिनीवर पाय टेकवतो.

'सेव्हन्थ हेवन' तर आपल्या मुलांना समजावून देण्यात खास मजा आहे, कारण सातवे आकाश त्यांच्या कानावरून आधीच गेलेले असते. हिंदीत 'गुस्सा सातवें आसमान पर' असतो. तेच आकाश, तोच सातवा मजला, पण इंग्रजाला तिथे परमसुख सापडते आणि हिंदी बोलणाऱ्याचा तिथे राग जातो. सात आकाशे ज्यूंच्या परंपरेत आहेत, कुराणात आहेत. जुन्या ज्योतिषातही पृथ्वीभोवती चंद्रापासून शनीपर्यंत सात ग्रहांची सात कवचे मानलेली होती. आपल्या पुराणांतही भूलोकापासून सत्यलोकापर्यंत सातच लोक आहेत. एवढे सगळे पाच मिनिटांत वर्गात सांगता येते. सातव्या आकाशावर कोण राहतो, हा प्रश्न टाकला की मागच्या बाकावरचा मुलगाही बोलतो. 'अत्यानंद होणे, डिट्टो' याला पाच सेकंद लागतात आणि त्या पाच सेकंदांतून काही उरत नाही.

माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र शिंपलीचा आहे. 'ॲज हॅपी ॲज अ क्लॅम' हा अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याकडचा वाक्प्रचार, एकोणिसाव्या शतकातला. भाचीने मला विचारले होते, शिंपलीला कसला आलाय आनंद? प्रश्न रास्त आहे. कारण वाक्प्रचाराचे शेपूट तुटलेले आहे. मूळ शब्द होते 'ॲज हॅपी ॲज अ क्लॅम ॲट हाय वॉटर', भरतीच्या वेळच्या शिंपलीसारखा सुखी. हे मी आमच्या आत्याला सांगितले. तिचे सगळे आयुष्य सिंधुदुर्गात खाडीकाठी गेले. ओहोटी लागली की साडीचा ओचा खोचून ती चिखलात उतरायची. ओल्या वाळूत बारीक भोक दिसले की बोटे घालून तिसरी, म्हणजे खाण्याची शिंपली, उचलायची, टोपली भरली की घरी येऊन सुके करायची. तिला इंग्रजीचे अक्षर येत नाही. मी वाक्य पुरते सांगायच्या आधीच ती म्हणाली, "मगे, भरती इल्यार तिसऱ्यांका कोण हात लावतलो?" झाले. कोशाला जे सांगायला चार ओळी लागतात ते तिने एका प्रश्नात सांगितले. हा उड्या मारण्याचा आनंद नव्हे. डोक्यावर पुरुषभर पाणी आहे, टोपलीवाली आज येणार नाही, आपण आपल्या वाळूत निवांत आहोत, असे ते सुख आहे. निवृत्तीनंतर गावच्या घरी पडवीत बसलेल्या माणसाचे सुख. यावर 'अत्यानंद' हा शिक्का मारणे म्हणजे तिसरीला चंद्रावरून उडी मारायला लावणे आहे. आणि बघा, मराठीनेही आनंदासाठी समुद्राकडूनच शब्द घेतले : आनंदाला भरते येते, उधाण येते. पण आपल्याकडे आनंद स्वतः लाट होऊन येतो, तिकडे लाटेखाली कोणीतरी सुखरूप असते. कोकणातल्या शाळेत हा फरक ज्यांना कळला त्या मुलांना तो पाठ करावा लागेल काय?

चुकीच्या शिकवणीची किंमत काय, तेही सांगतो. भाचीने एका शिष्यवृत्तीसाठी आभाराचे पत्र लिहिले. पाठवायच्या आधी मला दाखवले म्हणून बरे. 'आपली उदार शिष्यवृत्ती मिळाल्याने मी टिकल्ड पिंक झाले' असे त्यात होते. टिकल्ड पिंक म्हणजे मनाला गुदगुल्या होऊन गाल गुलाबी होणे. कोणी वेणीचे कौतुक केले, नातवाने स्वतः काढलेले चित्र आणून दिले, तर हे शब्द गोड आहेत. ज्या पैशांवर वर्षभराचे शिक्षण उभे आहे त्याचे आभार असे मानणे म्हणजे देणाऱ्याच्या गंभीर कामाला लडिवाळ करून टाकणे. याच पत्रात पुढे 'माझी आई ॲज प्लीज्ड ॲज पंच झाली' असे वाक्य होते, आणि ते अगदी चपखल होते. पंच म्हणजे इंग्लंडातल्या बाहुल्यांच्या खेळातला नायक. मूळचा इटलीचा. १६६२ च्या मे महिन्यात सॅम्युअल पेपिसने लंडनमध्ये हा खेळ पाहिल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. तो पंच हातातल्या सोट्याने सगळ्यांना बडवतो आणि प्रत्येक पराक्रमानंतर स्वतःवरच बेहद्द खूश होतो. त्याच्यातला क्रूरपणा आता वाक्प्रचारात उरलेला नाही, पण अभिमानाने फुगणे उरले आहे. लेकीच्या यशाने छाती फुगलेल्या आईला ते शोभते. पण भाचीला दोन्ही वाक्ये सारखीच वाटत होती. एक चुकले, एक बरोबर आले, आणि दोन्ही वेळा तिने चिठ्ठी उचलली होती. मेहनती मुलीला भाषेत चिठ्ठ्या उचलायला लावणे, हा माझा खरा राग आहे.

यावर आणखी एक आक्षेप येतो, आणि तो मराठीच्या काळजीपोटी येतो म्हणून मला जवळचा वाटतो. या परक्या चित्रांनी मुलांची मने भरली तर आपली चित्रे पुसली जातील. आनंद झाल्यावर मुलगी 'आय ॲम ऑन क्लाउड नाइन' म्हणते, 'आनंद गगनात मावेना' म्हणायला तिला लाज वाटते. हे घडते, मी पाहतो. पण हे परक्या शब्दाच्या ताकदीने घडते की आपला शब्द आपण अर्धवट शिकवल्याने? मराठीने याहून मोठा पूर पचवला आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. कितीतरी फारसी शब्द मागे पडले. पण आनंदाचे शब्द बघा : खूश, खुशी, खुशाली फारसीतून आले, मजा फारसीतून, तिथे तिचा अर्थ चव, मौज अरबीतून, तिथे तिचा अर्थ लाट. 'इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी' असे पत्र लिहिणाऱ्या आजोबांना आपण परकी भाषा लिहितो आहोत असे कधी वाटले नाही, आणि त्यामुळे त्यांचा 'आनंद'ही आटला नाही. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ पासून निबंधमाला लिहू लागले ती मराठीत, आणि ते गद्य आजही खणखणीत वाजते. ज्याला दोन भाषांतले दोन आनंद वेगळे ओळखता येतात तो आपला टाकत नाही. ज्याच्या वहीत दोन्हीकडे 'अत्यानंद' आहे, त्याला दोन्हीतले कोणतेही टाकायला काय अडचण? जे चकचकीत वाटेल ते तो उचलणार.

राहिली परीक्षा. परीक्षेत चार पर्याय असतात, एकालाच गुण असतो, तिथे छटा कोण विचारतो, असे म्हणतात. पण राज्य लोकसेवा आयोगाच्या अभ्यासक्रमात शब्द आहेत ते 'म्हणी व वाक्प्रचार यांचा अर्थ आणि उपयोग', आणि इंग्रजीसाठीही तेच. उपयोग हा शब्द तिथे छापलेला आहे. तो शिकवण्यांनी आणि मार्गदर्शकांनी गाळला. आणि चार पर्यायांत छटा विचारता येत नाही हेही खरे नाही. प्रसंग द्या : निवृत्त शिक्षक, गावचे घर, दारात आंबा, डोक्याला काळजी नाही. पर्यायांत चारही आनंदाचे वाक्प्रचार द्या. यंत्राने तपासता येईल असाच हा प्रश्न आहे, फक्त तो काढणाऱ्याला जास्त विचार करावा लागतो. पाठांतराच्या पाचशेऐवजी असे चाळीस नीट करून घेतले तर मुलांचा वेळही वाचेल. पहिल्या बाजूला तेच तर हवे होते.

आपल्या भाषेचा अभ्यास परक्यांनी कसा केला, तेही आठवावे. मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. त्याने मराठी शास्त्र्यांना हाताशी धरून केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये. तो उघडून एखादा वाक्प्रचार पाहा. कोण बोलतो, कोणाला बोलतो, टोमणा आहे की गौरव, हे सांगण्यासाठी तो ओळीमागून ओळी खर्च करतो. पुढे १८९९ मध्ये मॅनवॉरिंग नावाच्या मिशनऱ्याने मराठी म्हणींचा संग्रह काढला, तो शेती, जनावरे, माणसाचा देह अशा विषयांनी लावून. त्यांचे हेतू राज्याचे आणि धर्माचे होते, त्याबद्दल मला गोडी नाही. पण आपली भाषा शिकताना त्यांनी डिट्टोची खूण वापरली नाही. आपण त्यांची भाषा शिकताना का वापरावी?

परवा भाची वही घेऊन पुन्हा बसली. या वेळी तिने उजवीकडचा रकाना कोरा ठेवला होता आणि मला उलट विचारले, डोळ्यांचे पारणे फिटणे, याला इंग्रजीत काय? आम्ही दोघांनी अकराही तपासले. एकही बसेना. मग तिलाच आठवले, 'अ साइट फॉर सोअर आइज'. ती लिहायला गेली आणि थांबली. म्हणाली, "मामा, त्यांचे डोळे दुखताहेत, आपले उपाशी आहेत." बराच वेळ ती पेनचे टोपण लावत-काढत राहिली. शेवटी तिने तो वाक्प्रचार लिहिला, त्याच्यासमोर 'दुखरे डोळे' असे लिहिले, खालच्या ओळीत एकटेच 'पारणे' लिहिले आणि त्याच्यासमोरची जागा रिकामी सोडली.